सूनबाई, हळद काढून ठेवा!

जाईच्या वेलाला मांडव हवा होता. सुतार "उद्या येतोच" म्हणून गेला तो संक्रांतीला. म्हणून परवा मीच करवत काढली. आमचं शाहूपुरीतलं घर, छातीएवढी कुंपणाची भिंत, आणि तिच्यावर कोपरं टेकून शेजारचे नाना.

मी लाकडाला हातही लावला नव्हता, तोवर अजिंक्यताऱ्यावर ऐकू जाईल अशा आवाजात नाना आमच्या स्वयंपाकघराकडे ओरडले, "सूनबाई, हळद काढून ठेवा!"

डोकं सणकलं. मी चपला काढून बूट घातले होते, पोरांना लांब पिटाळलं होतं. त्याचं काहीच नाही! बाभळीची बल्ली दोन ओंडक्यांवर ठेवून मधोमध कापायला लागलो.

"मधी कापताय व्हय? आवळंल की करवत."

आवळली. दोन टेकूंच्या मध्ये कापलं की लाकूड खाली वाकतं, वरची खाच मिटते आणि पातं अडकतं. टेकूच्या बाहेर कापलं की तुकडा लोंबतो, खाच उघडी राहते. हे नानांना आधीच ठाऊक होतं, तेच जास्त झोंबलं.

मग खाच घ्यायला पटाशी घेतली. तर ती बोथट. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि पुढं आपलाच डावा हात असतो. आणि बोथट का? कारण गेल्या दिवाळीत ती नाना "जरा पाच मिनिटं" म्हणून घेऊन गेले आणि तिनं रंगाचे डबे उघडले. हत्यार मागून नेणारा माणूस ते धार लावून परत देतो, असं मी अजून पाहिलेलं नाही. धार आपली, फुकटचा सल्ला त्यांचा.

खांबांना टोकं काढायला कुऱ्हाड उचलली. पातं डुगडुगत होतं. म्हटलं, पाचर ठोकतो.

"पाचर कशाला? रातभर पाण्यात बुडवायची. फुगतंय लाकूड."

"फुगतं नाना, पण वाळलं की आधीपेक्षा सैल होतं."

"आवो, तुमच्या जन्माआधीपास्नं लाकडं फोडतोय मी. आणा हिकडं!"

फाटकातून आत आले. पायात स्लिपर. तळहातावर थुंकले, कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि दांडा तेवढा खाली आला. पातं माझ्या शेवंतीच्या कुंडीतून आरपार. कुंडीचे तीन तुकडे.

नानांनी दांडा डोळ्यांपाशी धरून निरखला. "दांडा कच्चा हाय तुमचा."

आज सकाळी दूधवाला विचारतो, "काय साहेब, कुऱ्हाड उडवली म्हणं तुमी? नाना होते म्हणून वाचला."

हळद वाया गेली नाही. कुऱ्हाड उगारताना नानांची कंबर लचकली होती. हिनं हळदीचं दूध करून भिंतीवरून दिलं. घोट घेऊन म्हणाले, "गूळ जरा कमी पडलाय, सूनबाई."