कोर्सनंतर कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, कॅथलिक चर्चच्या विवाहपूर्व शिबिरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की ही शिबिरं म्हणजे लग्नाच्या कागदांना जोडायचं सर्टिफिकेट, बाकी काही नाही. तुमची भाची सासरी मार खात होती, तेव्हा धर्मग्रामातून, म्हणजे तिच्या चर्चच्या पॅरिशमधून, तिला 'लग्न हा पवित्र संस्कार आहे, सहन कर' एवढंच ऐकायला मिळालं.

दुसरं आधी घेते, कारण ते जिवावर बेतणारं आहे. तिला जे सांगितलं गेलं ती ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, कलम ११५३ वाचा. जोडीदारामुळे आपल्या किंवा मुलांच्या जिवाला, आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला ते रीतसर कारण आहे. त्यासाठी बिशपांचा निर्णय लागतो, पण थांबणंच धोक्याचं असेल तर स्वतःच्या निर्णयाने घर सोडता येतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबाविषयीच्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात आणखी पुढे जाऊन म्हटलं की कधीकधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकच असतं. आणि वेगळी राहते म्हणून तिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतलं कम्युनियन) नाकारला जात नाही, हेही तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

कायद्याचा रस्ता मात्र वेगळा. चर्चच्या न्यायालयाने विवाह मुळातच अवैध होता असं ठरवलं, तरी सरकारदरबारी तो तसाच राहतो. घटस्फोट कोर्टातूनच घ्यावा लागतो. २००१ पर्यंत भारतीय घटस्फोट कायद्याच्या मजकुरानुसार ख्रिस्ती बाईला नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मिळत नसे. नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध केला तरी जोडीला क्रूरता किंवा परित्याग दाखवावा लागे. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तर सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे.

आता शिबिर. ते निरुपयोगी आहे, हे मला मान्य नाही. पैसा, सासर, मुलं, दारू या गोष्टी लग्नाआधी एकमेकांशी मोकळेपणाने बोललेच नाहीत, अशी जोडपी आम्ही दोघं नवरा-बायको तिथे नेहमी पाहतो. पण तेवढ्यावर सगळा भार टाकणं चूक आहे. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तयारीच्या तीन पायऱ्या सांगितल्या: बालपणापासून घरात, मग तरुणपणी, आणि शेवटी लग्नाआधीचे महिने. आपण शेवटचीच धरली. १९८३ च्या कॅनन लॉमधलं कलम १०६३ लग्नानंतरच्या मदतीलाही धर्मगुरूंची आणि समाजाची जबाबदारी म्हणतं. मुंबई महाधर्मप्रांताचं 'स्नेहालय' तयारीबरोबर समुपदेशनही करतं, पण घोडबंदरच्या किंवा नवी मुंबईच्या टॉवरमधल्या जोडप्याला ते माहीत असतंच असं नाही. त्यांची घरची माणसं वसईला, गोव्याला, मंगळुरूला; पहिलं भांडण झालं की मध्ये पडायला शेजारी कुणी नसतं.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती मी आमच्या पॅरिश कौन्सिलसमोरही मांडते: पहिली काही वर्षं प्रत्येक नव्या जोडप्याच्या घरी एका अनुभवी जोडप्याचं जाणं-येणं असावं, समुपदेशकाचा नंबर चर्चच्या फलकावर असावा, आणि जोडप्यांचं गाऱ्हाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला मारहाण हे 'भांडण' नव्हे हे शिकवलेलं असावं.

भाचीला म्हणावं, डॉक्टरकडचे कागद जपून ठेव, आणि फादरांना भेटायला एकटी जाऊ नकोस. तुम्ही तिच्याबरोबर जा. ठाण्यात असाल तर मीही येईन.