गाडी कुठे थांबते ते बघा

वेढ्यातल्या शहरात सरकारने नेलेल्या परदेशी पत्रकारांबद्दलचा लेख वाचला आणि आमच्या अमळनेर तालुक्यात आलेलं दुष्काळ पाहणी पथक आठवलं. गाड्या डांबरी रस्त्यालगतच्या दोन वावरांपाशी थांबल्या, बस्स. आमचे काका करपलेलं कपाशीचं झाड हातात धरून "साहेब, आमनं वावर बी देखा ना!" म्हणत राहिले. काच वर गेली.

खोटं बोलायची गरजच नसते, गाडी कुठे थांबवायची ते ठरवलं की झालं. २००३ मध्ये बगदादला परदेशी पत्रकारांसोबत सद्दाम सरकारच्या माहिती खात्याचा माणूस फिरायचा. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३६ च्या माद्रिदमध्ये तर पत्रकार टेलिफोन कंपनीच्या टेलिफोनिका इमारतीतून फोनवर बातमी वाचायचे आणि सेन्सॉर मंजूर केलेला कागद समोर धरून ऐकायचा. एखादं वाक्य इकडेतिकडे झालं की लाइन कट! गाझात ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पत्रकारांना जवळजवळ फक्त इस्रायली लष्कराच्या सोबतीनेच जाता आलं, तेही ठरलेल्या जागी.

पण 'असे दौरे नाकारावेत' हे लेखातलं मत पटलं नाही. जावं, फक्त कोणी नेलं आणि कुठे उतरू दिलं नाही तेही छापावं. आमच्याकडे एका वार्ताहराने काच वर गेल्याचं छापलं होतं. ते कात्रण काकांकडे अजून आहे.