एक पिशवी, चार पावत्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

रक्ताच्या बिलाबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही रागाने लिहिलंत. नातू सातव्या महिन्यात जन्मला, सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात काचेच्या पेटीत होता. त्याला चार वेळा पंधरा-पंधरा मिली रक्त दिलं आणि चारही वेळा अख्ख्या पिशवीचे पैसे लावले. ‘लोक रक्त फुकट देतात आणि तुम्ही रक्तपेढीची वकिली करता,’ असं तुमचं म्हणणं.

चारही पावत्यांवर पिशवीचा क्रमांक एकच असेल, तर चार वेळा पूर्ण दर लावणं चूक आहे. यात वकिलीला जागाच नाही.

आपल्याकडे रक्ताला किंमत नसते, प्रक्रियाशुल्क असतं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये लाल पेशींच्या एका पिशवीसाठी कमाल शुल्क ठरवलं: खासगी रक्तकेंद्रात (म्हणजे रक्तपेढीत) १५५० रुपये, सरकारी रक्तकेंद्रात ११००. यात रिकामी पिशवी, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या, घटक वेगळे करणं, साठवण असा खर्च येतो. तो पिशवीमागे एकदाच होतो. म्हणून ‘एक रुपयाही घेऊ नये’ हे मला पटत नाही, आणि १५५० चे ६२०० करणं तर अजिबात पटत नाही.

पण एका पिशवीचे छोटे भाग करण्याचं, म्हणजे वाटणीचं कामही फुकट होत नाही. पिशवीला नुसती सुई टोचून रक्त काढलं, तर उरलेलं चोवीस तासांत वापरावं लागतं, नाहीतर टाकून द्यावं लागतं. म्हणून मूळ पिशवीला जोडलेल्या छोट्या पिशव्यांमध्ये, किंवा नळीला नळी निर्जंतुक जोडणाऱ्या यंत्राने, हवा न लागू देता भाग पाडतात. मग मूळ पिशवीची मुदत टिकते. रक्त टिकवण्यासाठी पिशवीत असलेल्या द्रावणानुसार ती ३५ किंवा ४२ दिवस असते. प्रत्येक भागावर वेगळं लेबल लागतं, वेगळी नोंद होते. अमेरिकेतल्या बिलात या वाटणीला ८६९८५ हा स्वतंत्र कोड आहे, तोही पिशवीमागे. आपल्याकडेही पिशवीचं शुल्क एकदा आणि वाटणीचं वेगळ्या ओळीत, असं स्वच्छ लिहायला काय हरकत आहे? लोकांना खर्च खुपत नाही काका, लपवाछपवी खुपते.

तुमच्या प्रतिक्रियेत ‘वाटून दिलं म्हणजे फसवलं’ असा सूर आहे, तो मात्र सोडा. किलोभराच्या बाळाला एका वेळी दहा ते पंधरा मिलीच रक्त लागतं. तपासण्यांसाठी घेतलेल्या थेंबाथेंबानेही त्याचं रक्त कमी होतं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. दर वेळी नवी पिशवी फोडली, तर चार अनोळखी दात्यांचं रक्त त्या जिवात जातं. एकच पिशवी बाळाच्या नावाने राखून ठेवली, तर एकाच दात्याचं. ज्या डॉक्टरांनी हे करून घेतलं, त्यांनी तुमच्या नातवाचं भलंच केलं.

आता पावत्या काढून बघा. मूळ क्रमांक तोच आणि पुढे ए, बी, सी असं काही असेल, तर ते एकाच पिशवीचे भाग. क्रमांक वेगवेगळे असतील, तर पिशव्या चार झाल्या आणि शुल्कही चारदा योग्य. मग पिशवी राखून का ठेवली नाही, हे विचारा. कधी कारण खरं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात कॉलेजं बंद, ऊन चाळिशीपार, शिबिरं थंडावलेली. अशा वेळी एक अख्खी पिशवी एका बाळासाठी बाजूला ठेवणं जड जातं. क्रॉसमॅचचे, म्हणजे दात्याचं आणि बाळाचं रक्त जुळतं का हे तपासण्याचे, पैसे दर वेळी लावलेत का, तेही पाहा.

रुग्णालयाच्या बिलावर समाधान मानू नका, रक्तकेंद्राची मूळ पावती मागा. फरक बऱ्याचदा तिथेच सापडतो. उत्तर मिळालं नाही, तर पावत्यांच्या झेरॉक्स जोडून राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. अर्ज लिहायला मी मदत करेन. पावत्यांचे फोटो इथे टाकू नका, बाळाचं नाव असतं त्यावर. मला मेल करा.