बॅटरी तीच, मग रेंजवर कशाला अडायचं?

महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाड्यांमधून ‘जास्त रेंजवाली (एका चार्जिंगमध्ये जास्त पळणारी) घ्या’ हा तुमच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. दोन्हींचा सांगाडा एकच, ७९ युनिटची बॅटरीही तीच. कागदावरचा पंचवीसेक किलोमीटरचा फरक एसी लावून साताऱ्याहून कासला जाणारा यवतेश्वर घाट चढला की विरून जातो. खरा फरक लांबीत आहे. ९ई ४,७८९ मिलिमीटर, बीई ६ ४,३७१. म्हणजे जवळजवळ दीड फूट! साताऱ्यात पेठेत राहणाऱ्याला विचारा दीड फूट म्हणजे काय ते. आमच्या बोळात शेजारच्यांची स्कूटर उभी असली की आत्ताची छोटी गाडी काढतानाही आरसे मिटावे लागतात. पण ९ईची डिकी ६६३ लिटरची, बीई ६ची ४५५. सौ. डिकीकडं बघते, मी बोळाकडं.

आणि हे लेखात हवंच होतं: कासला मुक्काम करून १०० टक्के चार्जिंगवर घाट उतरू नका. उतारावर मोटर वीज तयार करते आणि त्यातूनच गाडीला आवरते; भरलेली बॅटरी ती वीज घेत नाही, मग सगळा भार ब्रेकवर येतो. मेव्हण्याच्या गाडीत अनुभवलंय. ८५ ला थांबवा. बुकिंग अजून केलेलं नाही. रविवारी टेप घेऊन बोळ मोजणार आहे.