गाडी कुणाच्या नावावर?

२०२५ साली अमेरिकन काँग्रेसने आमच्या घरच्या पंचांगाचा अजिबात विचार केला नाही. विजेच्या गाड्यांवरची ७,५०० डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत मूळ कायद्यानुसार २०३२ पर्यंत चालायची होती. ४ जुलैला नव्या कायद्यावर सही झाली आणि तिचा शेवटचा दिवस ठरला ३० सप्टेंबर. आता त्या वर्षीच्या तिथी बघा. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, लगेच पितृपक्ष, २२ ला घटस्थापना, ३० ला अष्टमी आणि दसरा २ ऑक्टोबरला! साडेतीन मुहूर्तांतला एक अख्खा मुहूर्त सवलतीच्या दोन दिवस पलीकडे.

"इतकी वर्षं थांबलास, आणखी दोन दिवस थांब," असं आई साताऱ्याहून म्हणाली. त्या दोन दिवसांची किंमत रुपयांत सहा लाखांच्या वर जाते, हे सांगितल्यावर नवरात्रही शुभच असतं हे तिला आपोआप आठवलं.

पण मुहूर्त हा सोपा भाग होता. अवघड भाग पात्रतेचा. तेव्हाच्या नियमाने गाडी विकत घ्यायची तर ती उत्तर अमेरिकेत जुळवलेली हवी, बॅटरीचे भाग अमुक ठिकाणचे हवेत, आतली खनिजं तमुक देशांतली हवीत. सेडान असेल तर छापील किंमत ५५,००० डॉलरच्या आत हवी. शिवाय नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न ३ लाख डॉलरच्या आत हवं. ही शेवटची अट आम्ही काहीही कष्ट न घेता पूर्ण करत होतो. आम्हाला आवडलेली गाडी मात्र कोरियातून बोटीने आलेली. खरेदी केली तर सवलत शून्य.

आणि तीच गाडी, त्याच रंगाची, त्याच डीलरच्या आवारात उभी असलेली, लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाड्याने, घेतली तर पात्र! कारण लीजवर दिलेली गाडी ही लीज कंपनीची 'व्यावसायिक' गाडी. २०२२ च्या डिसेंबरअखेरीस आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, तसा खुलासा केला आणि व्यावसायिक गाड्यांच्या कलमात खनिजं, बोट, उत्पन्न असल्या भानगडीच नव्हत्या. कायद्याच्या मसुद्यात ज्यांचा मोठा हात होता ते सिनेटर ज्यो मॅन्चिन यावर भयंकर चिडले होते. मी ती बातमी वाचून त्यांच्याविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि डीलरला फोन लावला.

त्याआधी आप्पांना सांगणं भाग होतं. आप्पा निवृत्त तलाठी. त्यांना बॅटरी, रेंज, चार्जर यात काडीचा रस नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुणाच्या नावावर?"

"लीज कंपनीच्या."

"आणि वापरणार कोण?"

"आम्ही."

"म्हणजे मालकी त्यांची, वहिवाट तुझी. मग सबसिडी तुला कशी मिळेल? ती खातेदाराला. तू कूळ."

अमेरिकेचा करकायदा त्यांनी कधी वाचलेला नाही, पण त्यांचं एक अक्षर चुकलं नव्हतं. सवलत कंपनीलाच मिळायची. तिने ती मला द्यावी अशी सक्ती कुठेही नव्हती, दिली तर तिची मेहेरबानी. लीज संपल्यावर ठरलेली रक्कम भरून गाडी विकत घेता येते, असं मी जरा अभिमानाने सांगितलं. "म्हणजे कलम ३२-ग," आप्पा म्हणाले. "आमच्याकडे १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली. तुमच्याकडे सरकारने पैसे जमीनदाराला दिले!" पुढे ते बराच वेळ कूळकायद्यावर बोलले. साताऱ्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि त्यांची झोप पार उडाली होती.

कॅलिफोर्नियातल्या आतेभावाचा अनुभव वेगळा. तिथे राज्याची स्वतःची योजना होती. लीज किमान ३० महिन्यांची असली की अर्ज गाडी चालवणाऱ्याच्या नावाने, चेकही त्याच्याच नावाने. पण ती २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झाली, आणि तो हे दर दिवाळीला न विसरता ऐकवतो.

आमच्या न्यू जर्सीत उलटी गंगा. पूर्वी विजेच्या गाडीला विक्रीकर नव्हता. २०२४ च्या ऑक्टोबरपासून अर्धा लागला, २०२५ च्या जुलैपासून पूर्ण, ६.६२५ टक्के. पेट्रोल भरत नाही म्हणजे पेट्रोलवरचा कर बुडवता, या न्यायाने २०२४ मध्ये वर्षाला २५० डॉलरपासून सुरू झालेली वेगळी फी, तीही दरवर्षी १० डॉलरने वाढणारी आणि नव्या गाडीला चार वर्षांची आगाऊ.

डीलरच्या शोरूममध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दादरच्या फुलबाजारासारखी झुंबड होती. विक्रेत्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'लीज कॅश ७,५००' ही ओळ ठळक, हिरव्या रंगात. तिच्याखाली करड्या रंगात बारीक ओळी: डॉक्युमेंट फी, अॅक्विझिशन फी, मी न मागितलेलं रंगाचं कोटिंग, आणि टायरमध्ये भरलेला नायट्रोजन. हवेत जो अठ्ठ्याहत्तर टक्के फुकट असतो, तोच.

"मनी फॅक्टर किती?" मी विचारलं. त्याचा चेहरा पडला. लीजचं व्याज टक्क्यांत सांगत नाहीत, ०.००२५० असं सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याला ते नसल्यासारखंच वाटतं. त्याला २४०० ने गुणलं की टक्के मिळतात. इथे गुणाकार सहा टक्क्यांवर आला. हिरव्या ओळीतून जे आत येत होतं, त्यातलं बरंचसं या दशांश चिन्हामागून बाहेर जात होतं. नायट्रोजन आणि कोटिंग काढून घेण्यात बायकोने जी चिकाटी दाखवली, ती तुळशीबागेत कमावलेली आहे.

मी आप्पांची युक्तीही लढवून पाहिली: अष्टमीला इसार, दसऱ्याला ताबा. ३० तारखेच्या आत पक्का करार करून काही रक्कम भरली, तर गाडी नंतर मिळाली तरी चालेल, असं आयआरएसने म्हटलंच होतं. विक्रेता म्हणाला, "इसार मालकाने द्यायचा असतो. तुम्ही मालक नाही." आप्पा आणि तो, दोघांची गाठ घालून द्यायला हवी होती.

शेवटी अष्टमीला सह्या केल्या, गाडी घरी आणली आणि पूजा तेवढी दसऱ्यावर ठेवली. ड्राइव्हवेमध्ये झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक काढायचं होतं ते बायकोने काचेवर काढलं, कारण परत देताना रंगावर ओरखडा निघाला तर तो 'वापरातली झीज' धरतील याची खात्री नव्हती. नारळ गाडीपासून दहा फुटांवर फोडला. गुरुजी एडिसनहून व्हिडिओवर होते. संकल्प सुरू करून ते थांबले.

"वाहनाच्या मालकाचं नाव?"

आम्ही रजिस्ट्रेशनचा कागद उघडला. तिथे माझं नाव मालक म्हणून नव्हतंच. होतं एका टायटलिंग ट्रस्टचं, म्हणजे लीज कंपनी ज्याच्या नावावर गाड्या ठेवते त्या ट्रस्टचं. दुसऱ्या खिडकीत आप्पा बसले होते, त्यांनी समाधानाने मान डोलावली.

"बरं. गोत्र?"

मी बायकोकडे पाहिलं.

"माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं असतं," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी काश्यपगोत्रोत्पन्न टायटलिंग ट्रस्टच्या आयुरारोग्यासाठी खणखणीत आवाजात संकल्प सोडला.