स्कोप ‘गेला’ म्हणण्याआधी

छऱ्याच्या बंदुकांचा शौक असलेल्यांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय. स्कोप म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, झिरो म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागावा अशी तिची जुळवणी, टरेट म्हणजे ती जुळवणी करायची फिरकी, आणि माउंट म्हणजे दुर्बिणीला बंदुकीवर धरून ठेवणारी पकड. सल्ल्याचा सारांश असा: “स्कोप झिरो होत नसेल तर तो गेला समजा. टरेट शेवटपर्यंत फिरवून पाहा, माउंटचे स्क्रू जीव खाऊन आवळा. तरी नाही जमलं तर महागातला रायफल स्कोप घ्या. एकदा झिरो झाला की पुन्हा बघायला नको.” यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खिशाला किंवा बंदुकीला महागात पडणारं आहे.

मुळात स्कोप गेला हे ठरवलं कशावरून? टरेटला हात न लावता एकाच बिंदूवर पाच छर्रे मारा. पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातायत, पण चार सेंटिमीटर डावीकडे? मग स्कोप बहुधा ठणठणीत आहे, नुसता जुळवायचा राहिलाय. इथे हिशेब चुकतो. टरेटचा एक क्लिक, म्हणजे एक खटका, पाव मिनिटाचा असला (मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग), तर तो 100 मीटरवर छर्रा सुमारे 7 मिलिमीटर सरकवतो. अंगणातल्या 10 मीटरवर तोच क्लिक जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. म्हणजे ते चार सेंटिमीटर भरून काढायला पंचावन्न क्लिक लागतात. लोक दहा क्लिक फिरवतात, काही हललं नाही म्हणतात आणि दुकानदाराकडे भांडायला जातात.

पाच छर्रे वाटीएवढ्या घेरात विखुरले असतील, तर टरेट फिरवणं म्हणजे सावलीमागे धावणं. आधी विखुरण्याचं कारण शोधा.

“टरेट शेवटपर्यंत फिरवा” हा सल्ला तर उलटाच. मोडून भरायच्या बंदुकांची नळी पुष्कळदा रेलच्या, म्हणजे माउंट जिथे बसतो त्या पट्टीच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे छर्रे खाली लागतात आणि माणूस ‘अप’कडे फिरवत सुटतो. पण तसं फिरवलं की टरेटचा स्क्रू वर येतो आणि स्कोपच्या आतल्या नळीला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगचा दाब कमी होत जातो. टोकाला गेलं की प्रत्येक बाराला क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, थोडी डुलते. मग आज झिरो, उद्या नाही. यावर साधा इलाज: माउंटच्या मागच्या रिंगमध्ये, म्हणजे स्कोपची ट्यूब आणि तिच्याखालची रिंग यांच्या मध्ये, पातळ पत्रा घाला. दोन रिंगांत दहा सेंटिमीटर अंतर असेल, तर दशांश मिलिमीटरचा पत्रा 10 मीटरवर छर्रा सेंटिमीटरभर वर आणतो. तेरा-चौदा क्लिक वाचले. फार थर मात्र चढवू नका, ट्यूब वाकते.

स्क्रूंचं काय? आवळा, पण कुठले? रिंगांचे जीव खाऊन आवळले तर ट्यूब चेपते आणि आतली यंत्रणा अडकते. खरे ढिले होतात ते कुंद्याचे (खांद्याला लावायच्या दस्त्याचे) स्क्रू, आणि त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. गेल्या दिवाळीत भाच्याची बंदूक अशीच “स्कोप बाद” म्हणून माझ्याकडे आली. पुढचे दोन्ही स्क्रू बोटाने फिरत होते! शिवाय पठ्ठ्या नळी विटेवर टेकवून मारत होता. स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीत असतानाच हलते, कठीण वस्तूवर टेकवली की भलतीकडेच उसळते. स्क्रू आवळले, बंदूक सैलसर तळहातावर घ्यायला लावली, आणि घेर निम्म्यावर आला. टरेटला तोवर कुणी हातही लावला नव्हता.

माउंट रेलवर सरकतोय का, हे पाहायला बहिणीच्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ माउंटवरून रेलवर ओढली. शंभर छऱ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर स्टॉप पिन (सरकणं रोखणारी खुंटी) नसलेला माउंट बदलायचा, स्कोप नाही.

महागातला घेण्याबद्दल: दारूगोळ्याच्या रायफलीचा धक्का मुख्यतः मागे बसतो. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे धावताना बंदूक मागे जाते आणि पिस्टन थांबताना पुढे झटका देते. हा दुहेरी झटका मोठ्या रायफलींसाठी बनवलेल्या भारी स्कोपचीही भिंगं सैल करू शकतो. त्यातल्या बऱ्याच स्कोपांचं पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला तरी नेम न हलण्याचं अंतर, 100 यार्डांना बांधलेलं असतं, म्हणून 10 मीटरवर चित्र धूसर आणि डोळा हलला की नेमही हलतो. एअरगनसाठी म्हणून विकला जाणारा, पुढच्या भिंगाची रिंग फिरवून 10 मीटरपर्यंत जुळवता येणारा साधा स्कोप त्यापेक्षा बरा. आणि स्कोपच सगळं करत असता तर कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य कशाच्या जोरावर आणलं? त्या स्पर्धेत रायफलवर दुर्बीण चालतच नाही.

“एकदा झिरो, कायम झिरो” हेही नाही. छऱ्याचं वजन बदललं, अंतर 10 चं 25 मीटर झालं, की आधीचा झिरो गेला. स्कोप नळीपेक्षा चारेक सेंटिमीटर वर असतो, छर्रा वाटेत नजरेची रेघ ओलांडतो.

स्कोप खरंच बिघडलेला असतो कधीकधी. शहानिशा सोपी: एकाच बिंदूवर नेम ठेवून वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, सुरुवातीला आणि प्रत्येक टप्प्यावर तीन छर्रे. कागदावर चौकोन उमटून शेवटचे तीन पहिल्या जागी परत यायला हवेत. ग्रुप (छऱ्यांचा पुंजका) घट्ट असूनही ते आले नाहीत, तर मात्र वॉरंटी कार्ड शोधायला लागा.