‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे संधिवात बरा’ हे खरं नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: संधिवाताच्या औषधाचा ‘गुण आला’ म्हणजे काय, ते कंपनीच ठरवते, सांधे दाबून आणि रुग्णाला विचारून काढलेले आकडे अंदाजपंचे, खरा पुरावा रक्ताचा. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसपुरतं (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) बोलायचं तर यातलं बरंचसं चूक आहे, आणि ते वाचून कुणी औषध सोडेल याची मला भीती वाटते.

‘कंपनीच ठरवते.’ एके काळी औषधाच्या प्रत्येक चाचणीचं मोजमाप वेगळं असे, एकीचा निकाल दुसरीशी ताडता येत नसे. हा गोंधळ मिटवायला १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टला संशोधक जमले. ‘ओमेरॅक्ट’ची, म्हणजे काय आणि कसं मोजायचं हे ठरवणाऱ्या संशोधकांच्या गटाची, सुरुवात तिथली. १९९५ मध्ये औषधाचा गुण आला की नाही हे ठरवणारा ‘एसीआर २०’ हा निकष छापून आला. दुखरे सांधे आणि सुजलेले सांधे दोन्ही किमान २० टक्क्यांनी कमी व्हायला हवेत. शिवाय वेदना, रुग्णाचं मत, डॉक्टरांचं मत, रोजची कामं आणि रक्ततपासणीत दिसणारी सूज या पाचांपैकी तिनांत तेवढाच फरक हवा.

२० टक्के फारच थोडे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून ५० आणि ७० टक्क्यांचे निकालही पाहावेत.

‘सांधे दाबणं अंदाजपंचे.’ ‘डास २८’ मध्ये, म्हणजे २८ सांधे तपासून आजाराचा जोर सांगणाऱ्या आकड्यात, सांधे ठरलेले आहेत: खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हातांच्या बोटांचे वीस. घोटे आणि पावलं त्यात नाहीत, ही त्याची खरी उणीव.

‘खरा पुरावा रक्ताचा.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. सांधे सुजलेले असतानाही ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल येऊ शकतात. टोसिलिझुमॅब या संधिवाताच्या औषधाचं उदाहरण घ्या. सीआरपी यकृतात तयार होतं, ते इंटरल्युकिन ६ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर. हे औषध तो इशाराच अडवतं. त्यामुळे सांध्यांना पुरता आराम पडला नसला तरी सीआरपी खाली येतो. नुसता रिपोर्ट पाहणारा तिथेच फसतो.

राहिला ‘रुग्णाला काय विचारायचं’ हा प्रश्न. २००२ मध्ये ओमेरॅक्टच्या बैठकीत रुग्ण पहिल्यांदा सहभागी झाले आणि थकव्याचा मुद्दा त्यांनी पुढे आणला. तोवर मोजमापाच्या मुख्य यादीत थकवा नव्हता. पुढे तोही मोजावा अशी शिफारस झाली. बटणं लावता येतात का, नळ फिरवता येतो का, भरलेला पेला तोंडाशी नेता येतो का, हे प्रश्न तर ठरलेल्या प्रश्नावलीतच आहेत. त्यांची उत्तरं रक्ताच्या बाटलीत सापडत नाहीत.